शिटी कोणाच्या हाती?

कोणी निंदणाहून नुकतीच घरी आली असेल, कोणाचा स्वयंपाक व्हायचा असेल, कोणी गटाच्या मीटिंगला निघाली असेल. थोडा वेळ टेका. आज खेळाच्या इतिहासातली एक गोष्ट सांगते. गोष्ट एका धावणाऱ्या आणि हॉकी खेळणाऱ्या मुलीची आहे. तिच्या मागोमाग त्याच मैदानावर शिटी घेऊन उभ्या राहिलेल्या बायांचीही आहे.

सुरुवात मात्र आपल्याच गावातून करते. एका ८ मार्चला आमच्याकडे शाळेच्या मैदानावर महिला दिनाचे खेळ होते. लिंबू-चमचा झाला, संगीत खुर्ची झाली, रस्सीखेच झाली. शेवटी दोन बचत गटांची कबड्डी लागली. पन्नाशीच्या बाया पदर खोचून मैदानात उतरल्या. सारं गाव हसत होतं, पण त्या हसण्यात कौतुकही होतं. एका चढाईवर वाद झाला. पाय रेषेच्या आत की बाहेर? शिटी गावातल्या एका पुरुषाच्या हातात होती. त्यानं बाद दिलं. बाहेर पाण्याच्या माठापाशी आमची एक मैत्रीण बसली होती. लग्नाआधी ती जिल्ह्यापर्यंत कबड्डी खेळलेली. ती उठून म्हणाली, "पाय आत होता. मी पाह्यलं." मागून कोणीतरी म्हणालं, "तुले काय समजते वं त्यातलं?" लोक हसले आणि ती खाली बसली.

त्या मैदानावर खेळ सगळ्यात जास्त तिलाच कळत होता, आणि तिलाच पाणी वाटायचं काम दिलं होतं. खेळ बायांचा, दिवस बायांचा, तरी निकाल द्यायला पुरुष. असं का व्हावं? हा प्रश्न काही माझ्या मनातून गेला नाही. त्याचंच उत्तर शोधत आपण सत्तर वर्षं मागे जाऊ.

व्यायाम आणि खेळ आपल्या वऱ्हाडाला नवीन नाहीत. अमरावतीला वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची सुरुवात केली. १९३६ साली बर्लिनला ऑलिम्पिक भरलं, तेव्हा या मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. म्हणजे अमरावतीचं नाव तेव्हाच सातासमुद्रापार गेलं. पण त्या काळी आपल्या घराघरांत पोरीनं धावणं म्हणजे काय समजलं जायचं, हे आपल्या आज्यांना विचारा. न्हाण आलं की अंगण सुटायचं.

तरीही त्याच काळात मुंबईला वांद्र्यात एक मुलगी वाढत होती. तिचं नाव मेरी डिसूझा. जन्म १९३१ चा. ती धावायचीही आणि हॉकीही खेळायची. आपला देश स्वतंत्र झाला तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

१९५१ च्या मार्च महिन्यात दिल्लीला पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. मेरी तिथे २०० मीटर धावली आणि तिला कांस्यपदक मिळालं. शिवाय चार जणींनी मिळून धावायची जी शर्यत असते, ४ बाय १०० मीटर रिले, तिच्यात भारताच्या मुलींना रौप्यपदक मिळालं. त्या चौघींत मेरी होती, रोशन मिस्त्री होती, पॅट मेंडोन्सा होती. रिलेत एक छोटी दांडी एकीच्या हातातून दुसरीच्या हातात द्यायची असते. ती खाली पडली तर चौघींचीही मेहनत वाया जाते. आपल्या गटातल्या हप्त्यासारखंच आहे ते. एकीचा चुकला की सगळ्यांचा हिशोब बिघडतो.

पुढच्याच वर्षी, १९५२ साली, फिनलंड देशात हेलसिंकीला ऑलिम्पिक भरणार होतं. मेरीची निवड झाली. पण निवड झाली म्हणजे तिकीट मिळालं असं नव्हतं. इतक्या दूर जायचं तर पैसा लागतो, आणि तो घरात नव्हता. मग ओळखीपाळखीचे लोक पुढे आले. त्यांनी नाचगाण्याचे आणि पत्त्यांच्या डावांचे कार्यक्रम ठेवले आणि त्यातून पैसे जमवले. आज आपण वर्गणी काढून एखादीचं ऑपरेशन करतो, तशी त्या वस्तीनं वर्गणी काढून पोरीला ऑलिम्पिकला पाठवलं.

त्याच वर्षी त्याच ऑलिम्पिकला आपल्या महाराष्ट्रातून आणखी एक जण गेला. कराडजवळच्या गोळेश्वरचा पैलवान खाशाबा जाधव. त्याच्यासाठीही गावानं पैसे जमवले, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर आपलं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबानं कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारतासाठी एकट्यानं मिळवलेलं ते पहिलं ऑलिम्पिक पदक. खाशाबाची गोष्ट आपल्या पोरांना पुस्तकात शिकवतात, आणि शिकवायलाच पाहिजे. पण त्याच चमूतल्या मेरीचं नाव आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं होतं? मी स्वतः चाळिशी ओलांडेपर्यंत ऐकलं नव्हतं.

हेलसिंकीला त्या वर्षी भारताकडून चार मुली गेल्या होत्या. धावायला मेरी डिसूझा आणि नीलिमा घोष, पोहायला डॉली नाझीर आणि आरती साहा. आरती तर अजून शाळकरी पोर होती. मेरी १०० आणि २०० मीटर धावली. पहिल्याच फेरीत बाहेर पडली, पदक मिळालं नाही. पण आपल्या देशाच्या बाया ऑलिम्पिकच्या धावपट्टीवर पहिल्यांदा उतरल्या, त्या याच दोघी.

इथे एक गोष्ट नीट ऐका. १९५२ सालच्या ऑलिम्पिकमध्ये बायांसाठी सगळ्यात लांबची शर्यत किती मीटरची होती? फक्त २०० मीटरची. म्हणजे आपल्या शाळेच्या मैदानाला एक फेरी मारली की संपली. त्याच्याआधी १९२८ साली एकदाच बायांना ८०० मीटर धावू दिलं होतं. त्या शर्यतीनंतर बाया दमल्या, बाईच्या जिवाला हे झेपत नाही, असा गवगवा झाला आणि ती शर्यतच बंद करून टाकली. ती परत सुरू व्हायला १९६० साल उजाडलं. ४०० मीटर १९६४ ला आली. मॅरेथॉन, म्हणजे ४२ किलोमीटरची दौड, बायांसाठी १९८४ साली आली.

आता हे आपल्या वऱ्हाडाशी ताडून पाहा. ज्या काळात जगातले मोठे लोक म्हणत होते की बाईला २०० मीटरच्या पुढे झेपत नाही, त्याच काळात आपल्या आज्या उन्हातान्हात दिवसभर कापूस वेचत होत्या, डोईवर गाठोडं घेऊन घरी येत होत्या, आणि आल्यावर दूरच्या विहिरीचं पाणी भरत होत्या. बाईची ताकद किती, हे ठरवणारे कोण होते आणि त्यांनी बाईला पाहिलं तरी होतं का, हा प्रश्न मनात येतोच. बाईला किती धावू द्यायचं, हे ज्यांच्या हाती होतं त्यांनी ठरवलं. शिटी त्यांच्याकडे होती.

मेरीचा दुसरा खेळ हॉकी. तो तिच्या आवडीचा, पण ऑलिम्पिकमध्ये तो तिच्या कामाचा नव्हता. हेलसिंकीला भारताच्या पुरुषांनी हॉकीत सुवर्णपदक जिंकलं, आणि साऱ्या देशात आनंद झाला. बायांची हॉकी मात्र तेव्हा ऑलिम्पिकमध्ये नव्हतीच. ती यायला आणखी २८ वर्षं लागली. म्हणून हातात हॉकी असूनही मेरीला ऑलिम्पिकला जायचं तर पळतच जावं लागलं. पण १९५३ साली इंग्लंडमध्ये फोकस्टन गावी बायांच्या हॉकीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली आणि भारताच्या मुली तिथे गेल्या. त्या संघात मेरी होती. पुढच्या वर्षी, १९५४ ला, ती परत धावपट्टीवर. फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात दुसऱ्या आशियाई स्पर्धा झाल्या आणि ४ बाय १०० रिलेत भारताच्या मुलींनी सुवर्णपदक आणलं. त्या चौघी होत्या ख्रिस्तीन ब्राऊन, स्टेफी डिसूझा, व्हायोलेट पीटर्स आणि मेरी डिसूझा.

या स्टेफीबद्दलही सांगायला हवं. आडनाव एकच असलं तरी ही वेगळी. तीही धावायची आणि हॉकीही खेळायची. १९५८ साली टोकियोच्या आशियाई स्पर्धेत तिनं २०० मीटरमध्ये रौप्य मिळवलं. १९६३ साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. धावण्या-उड्यांच्या खेळांत तो मिळवणारी ती पहिली बाई. आणि १९६४ ला ऑलिम्पिकमध्ये बायांची ४०० मीटर पहिल्यांदा घेतली, तेव्हा त्या शर्यतीत आपल्याकडून तीच धावली.

मेरी काय, स्टेफी काय, या बाया दोन-दोन खेळांत कशा? एक कारण अंगातलं कसब. दुसरं कारण सांगायला थोडं कडू आहे. मैदानावर मुलीच थोड्या होत्या. ज्या घरांनी मुलीला बाहेर पाठवलं, त्या घरांतल्या चार मुलींवरच सगळे खेळ चालायचे. सकाळी पळायचं, संध्याकाळी हॉकी. आपल्या गावच्या शाळेतही हेच दिसतं. खो-खोच्या संघात ज्या पोरी, त्याच कबड्डीत, त्याच लांब उडीत, आणि पंधरा ऑगस्टच्या लेझीमलाही त्याच.

त्यातून एक चांगलंही झालं. जिनं दोन-तीन खेळ अंगावर घेतले, तिला खेळाचं मर्म कळतं. धाव कुठे घ्यायची, दम कुठे राखायचा, समोरचीनं मुद्दाम धक्का दिला की चुकून लागला, हे तिला नुसतं पाहून ओळखता येतं. मग पळायचं वय सरल्यावर हे सगळं शहाणपण जातं कुठे? पुरुष खेळाडूचं वय झालं की तो मास्तर होतो, प्रशिक्षक होतो, पंच होतो, संघटनेचा सेक्रेटरी होतो. बाईचं वय झालं की तिच्या वाट्याला घर आणि चूलच येते. आमची माठापाशी बसलेली मैत्रीण तशीच. तिच्या पायातला खेळ थांबला होता, पण डोळ्यातला थांबला नव्हता.

रेल्वेनं यात थोडी वाट करून दिली. आपल्या अकोला, मूर्तिजापूर, बडनेऱ्यावरून रोज गाड्या धडधडत जातात, पण याच रेल्वेनं खेळणाऱ्या मुलींना पगाराच्या नोकऱ्या दिल्या, हे आपल्या ध्यानात येत नाही. नोकरी लागल्यावर घरचे खेळू देतात. पोरगी कमावती झाली की तिच्या हातातल्या हॉकीकडे बोट दाखवायला लोक कचरतात. बायांच्या हॉकीत रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं देशात पुढे राहिला, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

१९८० साली मॉस्कोच्या ऑलिम्पिकमध्ये बायांची हॉकी अखेर आली. सहा संघ होते, आपला संघ चौथा आला. त्या संघात आपल्या पुण्याच्या रेखा मुंडफन आणि एलिझा नेल्सन होत्या. दोन वर्षांनी दिल्लीच्या आशियाई स्पर्धेत बायांची हॉकी पहिल्यांदा झाली, तेव्हा एलिझा कप्तान होती आणि भारतानं सुवर्ण जिंकलं. मेरीला जे मैदान मिळालं नव्हतं, ते या मुलींना मिळालं.

आता शिटीकडे येऊ. हॉकीत तिसरा माणूस, म्हणजे पंच, त्याला अंपायर म्हणतात. कोणी रेफ्रीही म्हणतं. मैदानावर दोन्ही संघांच्या मिळून बावीस जणी आणि पंच दोन. मैदान ९१ मीटरहून थोडं लांब आणि ५५ मीटर रुंद. खेळ साठ मिनिटांचा, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग. प्रत्येक पंच मुख्यतः आपापल्या अर्ध्या भागाचा निर्णय देतो. खुर्चीवर बसून हे काम होत नाही, चेंडूच्या मागे पळावं लागतं. चेंडू पायाला लागला का, काठी धोकादायक उचलली का, गोलापुढच्या अर्धगोलातून फटका मारला का, हे डोळ्याची पापणी लवते न लवते तोच ठरवायचं असतं. कोणी चुकलं तर पंचाकडे तीन रंगांची कार्डं असतात. हिरवं दाखवलं तर खेळाडू दोन मिनिटं बाहेर. पिवळं दाखवलं तर कमीत कमी पाच मिनिटं. लाल दाखवलं की त्या सामन्यातून कायमची बाहेर. कप्तान कितीही नावाजलेली असो, प्रेक्षक कितीही ओरडोत, कार्ड दाखवलं की दाखवलं.

बाईनं पंच व्हायची गोष्ट इंग्लंडातल्या बायांकडून ऐकण्यासारखी आहे. १८९५ साली तिथल्या हॉकी खेळणाऱ्या बाया पुरुषांच्या हॉकी संघटनेकडे गेल्या आणि आम्हाला तुमच्यात घ्या म्हणाल्या. संघटनेनं नाही म्हटलं. मग त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, आणि तिच्या पदांवर पुरुष बसणार नाही असं ठरवलं. आता सामने भरवायचे, हिशोब ठेवायचा, नियम पाळून घ्यायचे, हे सगळं बायांनाच शिकावं लागलं. बचत गट सुरू झाले तेव्हा आपणही असंच शिकलो ना? रजिस्टर लिहायला मास्तरांना बोलवायचो. मग एक दिवस आपल्यातलीच सातवी शिकलेली बाई म्हणाली, आण इकडे, मी लिहिते.

आपल्या देशात हे काम करून दाखवणाऱ्यांपैकी एक होत्या अनुपमा पुचिमंडा. कर्नाटकातल्या कोडगूच्या. कोडगूत हॉकीचं वेड घराघरांत आहे. अनुपमा आधी खेळाडू होत्या. नंतर त्यांनी शिटी हाती घेतली आणि आंतरराष्ट्रीय पंच झाल्या. २००५ साली दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात, सांतियागोला, मुलींचा ज्युनियर विश्वचषक झाला, तिथे त्या पंच होत्या. २०१३ साली बायांच्या आशिया चषकातही होत्या. विचार करा, दोन परक्या देशांचे संघ समोरासमोर आणि मध्ये भारताची बाई निकाल देते. दोघींनी तो मानायचाच. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोरोनानं त्यांना नेलं. चाळिशीच्या होत्या. त्या वर्षी आपल्याही गावांतून किती जणी गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको. पण अनुपमा गेल्या तेव्हा देशाच्या हॉकी संघटनेनं त्यांना पंच म्हणून आदरांजली वाहिली. निकाल देणारी म्हणून बाईची आठवण काढली जाणं, हेही मला मोठं वाटतं.

आणि मेरीचं पुढे काय झालं? १९५१ ला पदक, १९५२ ला ऑलिम्पिक, १९५४ ला सुवर्ण. सरकारनं तिला ध्यानचंद पुरस्कार दिला तो २०१३ साली. तेव्हा ती ८२ वर्षांची होती. राष्ट्रपती भवनात पुरस्कार घ्यायला ती आजी होऊन गेली. मिळाला हे चांगलंच. पण साठ वर्षं लागली. कोणाचं नाव लिहायचं, कोणाचं मागे ठेवायचं, हा निर्णयच आहे, आणि निर्णयाच्या खुर्चीवर बाया थोड्या असल्या की असा उशीर होतो.

म्हणून मैत्रिणींनो, मला एवढंच सांगायचं आहे. बाईला खेळू देणं ही पहिली पायरी. ती मेरीसारख्या बायांनी, शेजाऱ्यांच्या वर्गणीवर, आपल्यासाठी बांधून ठेवली. निकाल देणं ही पुढची पायरी, आणि ती अजून आपल्या गावात अर्धीच चढली आहे. खेळणाऱ्या बाईला लोक टाळ्या वाजवतात. बाद म्हणणाऱ्या बाईला हसतात. ग्रामसभेतही तेच, मैदानावरही तेच.

यासाठी पैसा लागत नाही. तुमच्या गटात शाळेत खो-खो, कबड्डी, हॉकी काहीही खेळलेली एखादी असेलच. नसेल तर सून असेल, लेक असेल. तिला आधी गुण लिहायला बसवा. गुण लिहिता लिहिता नियम पाठ होतात. मग शाळेतल्या लहान पोरींच्या सामन्यात शिटी द्या. एकटीला भीती वाटत असेल तर हॉकीसारख्या दोघी उभ्या करा, आपापला अर्धा भाग वाटून घ्या. कबड्डी आणि खो-खोच्या राज्य संघटना पंचांच्या परीक्षा घेतात. अमरावती काय, अकोला काय, जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाऊन त्याची चौकशी करता येते. तिथे जाताना दोघी-तिघी मिळून जा, म्हणजे उत्तर लवकर मिळतं. गुडघा दुखत असल्यामुळे जिचा खेळ सुटला, लग्नामुळे जिचा सुटला, तिच्यासाठी मैदानात परत यायची ही वाट आहे.

आणि एक अट आपण आपल्यालाच घालू. आपल्यातलीनं निकाल दिला की तो मानायचा. ती आपल्या जावेला बाद देईल, अध्यक्षबाईला बाद देईल. तरी रुसायचं नाही. तिची चूक झाली तर खेळ संपल्यावर तिला सांगू, मैदानात हसू नये. पुरुषाची चूक आपण इतकी वर्षं खपवून घेतलीच आहे.

आमच्या गावची ती मैत्रीण. त्यानंतरच्या महिला दिनाच्या आधी आम्ही गटात ठराव लिहिला की कबड्डीची शिटी तिच्या हाती. ठराव वाचून ती म्हणाली, "मले जमन का?" आम्ही म्हटलं, मागच्या खेपेला माठापाशी बसून जमलं होतं, आता रेषेपाशी उभं राहून का नाही जमणार? ८ मार्चला ती शिटी गळ्यात अडकवून उभी राहिली. पहिला निकाल देताना तिचा हात थरथरत होता. तिसऱ्या चढाईला तिनं माझ्याच संघातल्या बाईला बाद दिलं. मी तोंड उघडणार होते, पण मेरीची आठवण झाली आणि गप्प बसले. पाय खरंच बाहेर होता.